आपलं जनावर खरंच जीव लावतं का, हे गोठ्यातच कसं ओळखायचं

सुरुवात पान्ह्यापासून करते, कारण धार काढणाऱ्या प्रत्येकानं तो रोज बघितलेला असतो. म्हशीनं रेडकाचा वास घेतला, त्यानं कासेला दोन ढुश्या दिल्या की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन रक्तात उतरतं, कासेतल्या दुधाच्या बारीक बारीक पिशव्या आवळल्या जातात, एक-दोन मिनिटांत सड भरून येतात आणि हा जोर जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो, म्हणून तर पान्हा घातला की हात भरभर चालवावा लागतो. आता बाळंतीण बाईचं बघा. बाळ पलीकडच्या खोलीत रडलं की इकडं तिचा ब्लाऊज भिजतो, ते पण ह्याच ऑक्सिटोसिननं. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हार्मोनचं नाव माहीत नव्हतं पण दोन्हीकडं शब्द एकच वापरला, पान्हा फुटला. त्यामुळं कुणी मला म्हणालं की जनावराचं कसलं आलंय प्रेम, ते नुसतं हार्मोन असतं, तर मी एवढंच विचारते की मग तुमच्या आईचं काय वेगळं होतं?

पण बोलून हे कुणाला पटत नाही, स्वतः बघितलं की पटतं, म्हणून कसं बघायचं ते सविस्तर लिहिते. मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली, कृष्णाकाठचं गाव, गोठ्यात दोन म्हशी आणि एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) गाय, दारात कुत्रा. लग्न होऊन आले तेव्हा मला धार सुद्धा काढता येत नव्हती, सगळं आत्यांनी शिकवलं (आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात), आणि पुढचं बरंचसं म्हशींनीच शिकवलं.

सगळ्यात आधी मन नाही, अंग बघा. जनावर गप्प गप्प आहे, वैरणीला तोंड लावत नाही, भिंतीकडं तोंड करून उभं आहे, तर ते रुसलंय किंवा कुणाची आठवण काढतंय असं ठरवून मोकळं होऊ नका, थर्मामीटर लावा. गाईचं तापमान १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं, १०३ च्या पुढं गेलं तर ताप आहे. कास हाताला गरम, घट्ट लागतीय का, दुधात गाठी येतायत का म्हणजे दगडीची (कासेच्या सुजेची) सुरुवात आहे का, शेण कसं पडतंय, हे बघा. आणि रवंथ. धडधाकट गाय दिवसभरात मिळून सात-आठ तास रवंथ करते, एक घास वर आला की पन्नास-साठ वेळा चघळून मग गिळते, कधीतरी शेजारी बसून मोजा. रवंथ बंद म्हणजे डॉक्टरला फोन, त्यात विचार करायचं काही नाही. माझ्या बघण्यातल्या एका घरात गाय वासरू विकलं म्हणून झुरतीय असं समजून चार दिवस सगळी तिला गोंजारत बसली आणि शेवटी तिच्या पोटातनं तार निघाली. त्या लोकांची माया खरी होती पण गाईचे चार दिवस वेदनेत गेले. म्हणून हे पहिलं.

अंग ठीक आहे म्हणल्यावर मग बसायचं. रोज एकाच वेळेला, दहा मिनिटं, हातात काही न घेता. ही हातात काही न घ्यायची गोष्ट फार महत्त्वाची आहे कारण पेंडीचं घमेलं घेऊन गेलात तर तुम्हाला जे दिसेल ते सगळं पेंडीसाठी असेल. मी दुपारी तीनच्या सुमाराला बसते, वैरण होऊन गेलेली असते, धारेला वेळ असतो, तेव्हा जनावर जसं आहे तसं दिसतं. मोबाईल घरात ठेवायचा. एक वही करायची, पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडं फक्त डोळ्यांनी दिसलं ते आणि उजवीकडं तुम्हाला काय वाटलं ते. म्हणजे डावीकडं "तीन वेळा दाराकडं बघितलं, कान पुढं, एकदा बारीक आवाज केला" आणि उजवीकडं "हिला करमत नाही". सुरुवातीला माझी उजवी बाजू गच्च भरायची आणि डावी रिकामी राहायची. महिनाभरात उलटं झालं, आणि गंमत म्हणजे तेव्हाच मला म्हशी खऱ्या कळायला लागल्या.

बघायचं काय, तर आधी कान. निवांत गाईचे कान सैल असतात, बाजूला नाहीतर मागं पडलेले, टवकारलेले कान म्हणजे लक्ष कशात तरी आहे, ते भीतीनं पण असू शकतं आणि आनंदानं पण, त्यामुळं नुसत्या कानावर जाऊ नका. मग डोळे. डोळ्यातलं पांढरं किती दिसतंय ते बघा, जनावर बिथरलं, घाबरलं, चिडलं की पांढरं जास्त दिसतं आणि शांत झालं की झाकलं जातं. नॉर्वेमध्ये दुभत्या गाईंवर ह्याचा नीट अभ्यास झालाय, वासरू बाजूला नेलं की आईच्या डोळ्यातलं पांढरं वाढतं. आपल्याकडं बाजारात जनावर टेम्पोत चढवताना डोळे बघा, कुणाला अभ्यास करायची गरज नाही.

मग हाताची परीक्षा. जनावराला कुठं खाजवलेलं आवडतं? बहुतेक लोक कपाळावर नाहीतर पाठीवर थापटतात. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या लोकांनी २००८ साली गाईंना वेगवेगळ्या जागी हात फिरवून बघितला तर मानेच्या खालच्या बाजूला, आपण जिला पोळी म्हणतो तिथं, गाई सगळ्यात जास्त मान लांब करायच्या आणि कान सोडून द्यायच्या, आणि नंतर माणसाजवळ यायला पण कमी बिचकायच्या. तर तिथं हात फिरवा, सावकाश, जशी गाय गाईला चाटते तेवढ्या जोरानं. आणि मग, हे कुणी सांगत नाही, हात काढून घ्या आणि एक पाऊल मागं सरका. ती मान पुढं करून तुमच्याकडं येते का बघा. आली तर तिला हवंय. तशीच उभी राहिली तर चालतंय पण विशेष काही नाही. मान फिरवली तर आज नको, आणि आज नको म्हणायचा तिला हक्क आहे. आमची हरणी, म्हणजे एचएफ गाय, माझ्याकडं पोळी करते आणि माझ्या नवऱ्याकडं करत नाही, ते इंजेक्शनच्या वेळी तिला धरतात ना, ते तिच्या ध्यानात आहे. आणि तोंड ध्यानात राहतं यात नवल नाही, इंग्लंडात केंब्रिजजवळ मेंढ्यांवर प्रयोग झाला होता, त्याचा निष्कर्ष २००१ साली आला, मेंढीला ५० वेगवेगळ्या मेंढ्यांची तोंडं ओळखता आली आणि दोन वर्षांनी सुद्धा त्यातली आठवत होती. जतकडच्या माडग्याळ मेंढ्या राखणाऱ्या कुणालाही विचारा, तो म्हणेल यात नवीन काय सांगितलं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे त्यांची आपापसातली जोडी. दावणीला कोण कुणाच्या शेजारी बसतं, कोण कुणाला चाटतं, गव्हाणीत कोण कुणाला तोंड घालू देतं हे आठवडाभर लिहा, आपोआप दिसेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आम्ही रात्रीतनं जनावरं सोडून वरच्या अंगाला ओळखीच्यांच्या शेडमध्ये नेली. तिथं जागा मिळेल तसं बांधलं, हरणी एका टोकाला आणि चंद्री म्हस दुसऱ्या टोकाला, मधी लोकांची दहा-बारा जनावरं. वैरण होती, पाणी होतं, डोक्यावर पत्रा होता तरी हरणी रात्रभर खाली बसली नाही, दावं ताणून तशीच उभी. आम्हाला वाटलं पाण्याला घाबरलीय. सकाळी आत्या म्हणाल्या, "आगं तिला चंद्रीजवळ बांध की, घरात तिच्याच शेजारी आसतीया नव्हं." बांधली. अर्ध्या तासात बसली, आणि रवंथ सुरू. पुढं मला कळलं की इंग्लंडात एका संशोधक बाईंनी हेच मोजलं होतं, गाईला अर्धा तास कळपापासून बाजूला ठेवायचं, एकदा तिच्या आवडत्या सोबतिणीबरोबर आणि एकदा दुसऱ्याच गाईबरोबर, तर सोबतीण शेजारी असताना काळजाचे ठोके कमी पडायचे. मशीन लावून मोजलेलं वाचलं तेव्हा मला हरणीची ती रात्र आठवली. तेव्हा गोठा बदलताना, जनावर हलवताना, नवीन शेड बांधताना जोड्या मोडू नका, एवढं तरी करता येतंच.

आता चंद्रीचं सांगते, कारण ह्या सगळ्यात मला जे शिकायला मिळालं ते तिच्यापासून.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिचं अकरा दिवसांचं रेडकू हगवणीनं गेलं. रात्री अडीचच्या सुमाराला. तिला दिसायला नको म्हणून आम्ही उजाडायच्या आत पोत्यात गुंडाळून नेलं आणि मळ्यात पुरलं. सकाळी धारेला बसले तर सड हाताला लागतायत पण दूध नाही, रोज एका वेळेला पाच लिटर देणारी म्हस अर्धा लिटर देऊन थांबली. ती लाथ मारत नव्हती, त्रास देत नव्हती, फक्त मान वळवून दाराकडं बघत होती आणि तोंड न उघडता एक बारीक आवाज काढत होती, रेडकाला बोलवायचा जो आवाज असतो ना, घशातल्या घशात, तोच. तीन दिवस तो आवाज आला. मला घरात स्वयंपाक करताना ऐकू यायचा आणि हातातलं काम थांबायचं.

गावातल्या एकानं इंजेक्शन आणून दिलं, म्हणाला टोचा की लगेच पान्हा सोडतीय. ते ऑक्सिटोसिनच असतं. टोचू नका. एक तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते घ्यायचं नसतं, आणि दुधासाठी जनावराच्या तब्येतीला घातक असं काही टोचणं हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. आणि दुसरं म्हणजे ते तिच्या अंगातनं दूध ओढून काढतं, तिचं जे हरवलंय त्याचं काहीच करत नाही. आत्यांनी ती बाटली परत पाठवली. रेडकू ज्या पोत्यावर झोपायचं ते दुसरं पोतं अजून कोपऱ्यात पडलं होतं, धुतलं नव्हतं. आत्यांनी ते आणून चंद्रीच्या पुढ्यात गव्हाणीच्या कडेला टाकलं आणि तिच्या मानेवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. चंद्रीनं वास घेतला. मग चाटायला लागली, इतकं चाटलं की पोतं ओलं झालं, आणि मी कासेखाली हात लावला तर सड भरून आलेले. आत्या मला म्हणाल्या, "काढ, पर सावकाश काढ, ती काय तुझ्यासाठी सोडत न्हाई." त्या दिवशी दोन लिटर निघालं. पुढं दहा-बारा दिवसांत चारपर्यंत आली, पाच काही पुन्हा झालं नाही.

जुन्या काळी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करायचे ते ह्यासाठीच. मला ते करवत नाही, पोतं पुरतं. तर कुणाच्या गोठ्यात असं झालं तर: रेडकाचं पोतं, दावं काही धुवू नका आणि टाकू नका, धारेची वेळ आणि धार काढणारं माणूस बदलू नका, धारेच्या आधी कास कोमट पाण्यानं पुसून पाच मिनिटं नुसतं जवळ बसा, आरडाओरडा करू नका, कारण घाबरलेल्या जनावराच्या अंगात ॲड्रेनालिन नावाचं भीतीचं हार्मोन येतं आणि ते पान्हा अडवतं. कासेत दूध साठून दगडी होणार नाही ह्याच्यावर लक्ष ठेवा. आणि आम्ही केली ती चूक करू नका, पिल्लू लपवून नेऊ नका. रोगाचा धोका नाही असं डॉक्टर म्हणाले तर तिला हुंगू द्या, चाटू द्या, मग न्या. हे माझं मत आहे पण पक्कं आहे. वानरीण मेलेलं पिल्लू दिवसेंदिवस छातीशी घेऊन फिरते, २०१८ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका ऑर्का देवमाशाच्या मादीनं मेलेलं पिल्लू १७ दिवस पाण्यावर उचलून धरलं होतं. आईला आपल्या वेळेनं सोडायचं असतं, आपण रात्रीतनं उचलून नेलं की तिच्यासाठी ते फक्त हरवलेलं राहतं आणि ती हाका मारत बसते. माणूस गेल्यावर आपण फोडतो तो हंबरडा, तो शब्द तरी कुठून आला, गाईच्या हंबरण्यातनंच ना.

कुत्र्याचं थोडं वेगळं आहे, तिथं माणूस जास्त फसतो. आमचा खंड्या चप्पल कुरतडतो आणि मग कान मागं, शेपूट पायात, नजर चोरून बसतो, घरातले सगळे म्हणतात बघ बघ, चूक कळलीय त्याला. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ बाईंनी २००९ साली हे तपासलं, खाऊ ठेवून मालकाला बाहेर पाठवायचं आणि आत आल्यावर कधी खरं सांगायचं, कधी खोटं, की कुत्र्यानं खाल्लं. तर ते अपराधी तोंड चूक केली का नाही ह्याच्यावर अवलंबूनच नव्हतं, मालक रागावला का ह्याच्यावर होतं, ज्यानं काहीच केलं नव्हतं तो पण रागावल्यावर तसाच बसायचा. म्हणजे खंड्या मला सांगत असतो की तू चिडलीयस आणि मला भीती वाटतीय. हे कळल्यापासून मी त्याला मागाहून रागवायचं सोडलं, चप्पल वर ठेवते.

मग त्याचं प्रेम कुठं बघायचं? नजरेत. जपानच्या अझाबू विद्यापीठानं २०१५ साली दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडं शांतपणे बघत राहिले की दोघांचंही ऑक्सिटोसिन वाढतं, तेच पान्ह्याचं, आणि माणसानं वाढवलेल्या लांडग्यांमध्ये असं काही दिसलं नाही. कुत्रा किमान पंधरा हजार वर्षं आपल्याबरोबर राहतोय, तेवढ्यात ही नजर तयार झाली. पण हे फक्त आपल्या घरच्या, आपल्याला ओळखणाऱ्या कुत्र्यासाठी, रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यात रोखून बघू नका, त्याच्या भाषेत ते धमकावणं आहे, आणि लेकरांना तर हे आवर्जून शिकवा. आणखी एक, घरात कुणी रडत असेल तेव्हा कुत्रा काय करतो ते लिहून ठेवा. लंडनमध्ये १८ कुत्र्यांवर बघितलं होतं, माणूस गुणगुणला तर एवढं नाही पण रडायला लागला की बहुतेक कुत्री जवळ गेली, रडणारा अनोळखी असला तरी.

सगळ्यांना सगळंच असतं असं मात्र मी म्हणत नाही. बत्तीस शिराळा आपल्याच जिल्ह्यात, तिथल्या नागपंचमीचं नाव सगळीकडं, आणि तरी अजून घरोघरी सांगतात की नाग डूख धरतो, बारा वर्षांनी येऊन सूड घेतो. सापाच्या मेंदूत सूड साठवून ठेवायची सोयच नाही. तो फणा काढतो तेव्हा घाबरलेला असतो, दूध तो पीत नाही, आणि त्याला माणसाचा राग चिकटवला की शेवट काठीनंच होतो. तेव्हा जनावरात नसलेली भावना घालणं आणि असलेली नाकारणं, दोन्हीत मार जनावरालाच बसतो. म्हणून तर ती वही. ७ जुलै २०१२ ला केंब्रिजमध्ये मेंदूच्या शास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढून सांगितलं की जाणीव ज्याच्यातनं तयार होते ती मेंदूतली यंत्रणा फक्त माणसाकडं नाही, सगळे सस्तन प्राणी, पक्षी, एवढंच काय ऑक्टोपसकडं सुद्धा आहे. भीती, माया, विरह, खेळायची हौस हे आपल्यात आणि म्हशीत एकाच जुन्या मुळातनं आलंय. त्याच्यावर आपण शब्द चढवले, लग्नं लावली, गाणी केली, ते तिच्याकडं नाही. ती पोतं चाटते.

शेवटचं, जनावर विकायचं झालं तर. प्रपंच आहे, विकावं लागतं, त्यात कुणाला दोष द्यायचा नाही, खरसुंडीच्या बाजारात खिलार विकून परत निघालेल्या माणसांचे डोळे मी बघितलेत. आमच्याकडं पद्धत अशी की जनावर द्यायचं पण दावं आपल्याकडं ठेवायचं, लक्ष्मी जाऊ नये म्हणून. मी एक जुनं दावं ठेवते आणि रोजच्या वापरातलं तिच्याबरोबर देते, आणि गोठ्यातलं एक पोतं पण, नवीन जागी पहिल्या रात्री नाकाला काहीतरी ओळखीचं लागावं म्हणून. जमलं तर सकाळी न्यायला सांगा, म्हणजे अंधार पडायच्या आत तिनं नवीन गोठा बघितलेला असतो. आणि घेणाऱ्याला एक कागद लिहून द्या: कुठल्या नावानं हाक मारायची, धारेला कुठल्या बाजूनं बसायचं, वैरण किती वाजता, कशाला घाबरते, आणि कुठं खाजवल्यावर मान लांब करते.